कुकडीकाठचे जुन्नर

पुण्याहून जुन्नरकडे जाणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. एक शिवनेरी चढणारे, दुसरे लेण्याद्री आणि ओझरच्या गणपतीला जाणारे आणि तिसरे पाऊस सुरू झाला की माळशेज किंवा नाणेघाटाकडे भिजायला पळणारे. तिघांच्याही गाड्या जुन्नर शहरातून जातात, एखाद्या हॉटेलापुढे चहासाठी थांबतात आणि पुढे निघतात. शहराकडे कोणी पाहत नाही. आपल्या मुस्लिम कुटुंबांचे तर विचारूच नका. सुट्टी लागली की आम्ही खुलताबादला जातो, हाजीमलंगला जातो, लांब अजमेरपर्यंत जातो. पण पुण्यापासून जेमतेम पंचाण्णव किलोमीटरवर एका सुलतानीची पहिली राजधानी उभी आहे, हे आमच्या घरातल्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून या अंकात जुन्नरची ओळख करून द्यायचे आम्ही ठरवले.

वाकडेवाडीच्या एस.टी. स्थानकावरून जुन्नरच्या गाड्या मिळतात. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा नाशिक रस्ता धरायचा आणि नारायणगावला डावीकडे वळायचे. तिथून पंधरा किलोमीटरवर जुन्नर. स्वतःचे वाहन असेल तर राजगुरुनगरला, म्हणजे जुन्या खेडला, अर्धा तास अवश्य थांबा. महामार्ग आता गावाबाहेरून गेला आहे, पण गावात दिलावरखानाची मशीद आणि मकबरा आहे. काळ १६१३ चा, मलिक अंबरच्या अमदानीतला. हुतात्मा राजगुरूंचे हे गाव, भीमेच्या काठचे. जुन्नरला पोचण्याआधी डोळ्यांना दगडी घुमटाची सवय व्हायला ही जागा चांगली.

नारायणगाव सोडले की डोंगर जवळ येतात. इथला डोंगर सपाट माथ्याचा, बाजूंनी तासल्यासारखा. लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्री झाला. त्या थरांच्या पायऱ्या इथे उघड्या दिसतात. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, तिच्यापलीकडे एकदम कोकण. त्या रांगेतून कुकडी, मीना, पुष्पावती अशा नद्या पूर्वेकडे उतरतात. कुकडीचा उगम पूर या गावच्या परिसरातला. तिथे कुकडेश्वराचे जुने कोरीव शिवमंदिर आहे. ती जुन्नरच्या उत्तरेने वाहत जाऊन पुढे घोड नदीला आणि घोडमार्गे भीमेला मिळते. म्हणजे जुन्नरचे पाणी शेवटी पंढरपूरवरून कृष्णेला जाऊन बंगालच्या उपसागरात पडते आणि तीसेक किलोमीटर पश्चिमेला, नाणेघाटाच्या कड्यावरून पडलेला थेंब मात्र अरबी समुद्राला जातो. जुन्नरचे सगळे नशीब या एका गोष्टीत आहे. घाटाखाली बंदरे, घाटावर कापसाधान्याचा मुलूख आणि दोहोंच्या मधल्या वाटेच्या तोंडाशी हे शहर.

आज या नद्यांवर धरणे आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले डिंभे अशी पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. त्यामुळे पात्रात कधी भरपूर पाणी दिसते तर कधी नुसते दगड. उन्हाळ्यात नदी पाहायला जाल तर निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो. पण याच पाण्यावर जुन्नर-नारायणगावची द्राक्षे, टोमॅटो आणि ऊस उभा आहे. आणि याच उसात बिबटे राहतात, त्याबद्दल शेवटी.

जुन्नर म्हणजे जीर्णनगर, जुने नगर, अशी नावाची फोड सांगतात. जुने किती, तर सातवाहनांइतके. नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठी गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरला आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. राजाने केलेले यज्ञ आणि दिलेले दान यांची ती यादी. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती, ते सगळे आकड्यांत. भारतात इतके जुने आणि इतके आकडे एका ठिकाणी क्वचितच सापडतात. त्यात शून्य नाही; दहासाठी वेगळे चिन्ह, शंभरासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे. शून्य आणि स्थानमूल्य पुढे आले आणि नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीने हिंदी आकड्यांवर पुस्तक लिहिल्यावर ही पद्धत अरबांकडून युरोपला गेली. तिकडे त्यांना आजही अरबी आकडे म्हणतात. मुलांना गणिताचा कंटाळा असेल तर या गुहेत आणून उभे करावे. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत असे सांगतात. घाटाचे नावही त्या नाण्यांवरूनच.

व्यापारी आले तसे भिक्षू आले आणि व्यापाऱ्यांच्या दानातून लेणी झाली. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री अशा डोंगरांवर मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. सगळी बघत बसलात तर आठवडा जाईल. आम्ही दोनच सुचवतो. तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह, बारा खांबांचे, वर घुमटासारखे छत. असे गोल चैत्य देशात फार थोडे आहेत. आणि लेण्याद्री, जिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर एका बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती आहे. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपानाच्या अयम नावाच्या मंत्र्याचा लेख आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक मुळाच्या मंडळींनी, दिलेल्या दानाचे लेखही आहेत. परदेशी माणूस जुन्नरला नवा नव्हता.

त्या परदेशी माणसांतला आमचा आवडता म्हणजे अफानासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. त्याच्याकडे विकण्यासाठी एकच मोठा माल होता: एक घोडा. दख्खनमध्ये घोड्याला सोन्याचा भाव येतो हे ऐकून त्याने तो समुद्रापलीकडून आणला होता. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पाऊस लागला. मग दोन महिने तो जुन्नरातच अडकला. त्याने लिहिलेली टिपणे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या अर्थाच्या नावाने रशियन भाषेत प्रसिद्ध आहेत. चार महिने जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, याच दिवसांत पेरणी, घोड्यांना हरभरे आणि खिचडी शिजवून घालतात, हे सगळे त्याने नोंदवले. शहर खडकावर आहे, तो खडक कोणा माणसाने नाही तर देवाने रचला आहे, वर चढायला दिवस जातो आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत, असेही तो लिहितो. आज गाडीतून उतरून शिवनेरीकडे मान वर करून पाहा, वर्णन पटते.

तेव्हा जुन्नर बहामनी राज्यात होते आणि असदखान नावाचा सरदार इथे कारभार बघत होता. निकितीन मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने त्याचा घोडा काढून घेतला. घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, पण आमच्या धर्मात ये, असे म्हणून चार दिवसांची मुदत दिली. बिचारा परक्या देशात एकटा, भाषा अर्धवट. मुदत संपत आली तेव्हा खुरासानचा महंमद नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ जुन्नरला आला. निकितीनने त्याच्यापुढे हात जोडले. महंमद उठून खानाकडे गेला, रदबदली केली, घोडा परत आणून दिला आणि धर्म बदलण्याचा आग्रहही मागे घ्यायला लावला.

ही हकीकत आम्ही मुद्दाम पूर्ण सांगतो. आपल्याकडे काही जण पहिला अर्धा भाग सांगून थांबतात आणि काही जण नुसता दुसरा सांगतात. ‘ला इक्राहा फिद्दीन’, धर्मात जबरदस्ती नाही, हे कुराणातले वचन खानालाही पाठ असणार. तो सत्तेच्या खुर्चीवर बसून ते विसरला आणि दुसऱ्या एका मुसलमानाने ते त्याला आठवण करून दिले असावे, असे आम्हाला वाटते. निकितीन पुढे बिदरला गेला. परतीच्या वाटेवर, आपल्या गावी पोचण्यापूर्वीच तो वारला. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक उभारले आहे. जुन्नरमध्ये, जिथे त्याच्यावर हा प्रसंग आला तिथे, त्याच्या नावाचा एखादा फलकही आमच्या पाहण्यात आला नाही.

त्यानंतर वीसेक वर्षांनी जुन्नरचे दिवस पालटले. बहामनी राज्य मोडकळीस आले होते. मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार. त्याचे वडील मलिक हसन, बहामनींचे मोठे वजीर; ते मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. वडिलांचा खून झाल्यावर मलिक अहमदने बिदरचा हुकूम झुगारला. त्याच्यावर चालून आलेल्या बहामनी फौजेला त्याने २८ मे १४९० रोजी पहाटेच्या छाप्यात बुडवले आणि निजामशाही उभी राहिली. जुन्नर तिची पहिली राजधानी. चार वर्षांनी १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवायला घेतले आणि राजधानी तिकडे गेली, पण जुन्नर काही खेडे झाले नाही. शंभर वर्षांनी, नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर, मलिक अंबरने निजामशाहीचा डळमळता डोलारा सावरला तो इथूनच. १६०७ च्या सुमारास त्याने आपल्या सुलतानासह जुन्नरात ठाण मांडले; मग १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली.

मलिक अंबरची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इथिओपियात जन्मलेले मूल, गुलाम म्हणून विकले गेलेले, बगदादच्या बाजारातून दख्खनमध्ये आलेले, आणि शेवटी जहांगीर बादशहाला आयुष्यभर झोप लागू न देणारे. जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत नंतरच्या राज्यकर्त्यांनीही उचलली. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. मालोजी भोसले निजामशाहीचे, शहाजीराजेही त्याच दरबारात वाढलेले. जुन्नरच्या पूर्वेला हापूसबाग नावाची वस्ती आहे. नावावरून आंब्याची आठवण होते, पण आंब्याचा काही संबंध नाही. हबशीबाग, अफीजबाग अशी जुनी नावे सांगतात. हबशी सरदारांच्या बागा तिथे होत्या.

त्याच बाजूला शेतांच्या मधोमध सौदागर घुमट उभा आहे. चौकोनी, काळ्या दगडाचा, वर मोठा घुमट. बाहेरच्या भिंतींवर कमानींचे कोनाडे आणि कोरीव अरबी अक्षरे. सौदागर म्हणजे व्यापारी. एखाद्या राजाची शोभेल अशी कबर इथे एका व्यापाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, यावरून जुन्नरच्या बाजारपेठेची कल्पना करा. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. आत पाऊल टाकले तर बाहेरच्या उन्हाचा मागमूस नाही. घुमटाखाली कोणी हलकेच बोलले तरी आवाज वर जाऊन खाली उतरतो. शेजारच्या शेतात कांद्याची काढणी चालू होती. तिथल्या एका आजींनी आम्हाला पाणी दिले आणि आमच्या धाकटीला विचारले, ‘काय ग, घाबरली का आत?’ घाबरली नव्हती. ती भिंतीवरच्या अक्षरांत अलिफ आणि लाम शोधत होती आणि तिला ते सापडले होते.

शहरात जामा मशीद आहे, जुने मोहल्ले आहेत, वाटेवर ठिकठिकाणी लहानमोठ्या कबरी आणि पीर आहेत. गल्ल्या अरुंद, त्यामुळे गाडी बाहेर लावून पायी फिरलेले बरे.

जुन्नरच्या घरांत त्या काळी काय चालत असे, याची एक झलक जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टराने दिली आहे. १६७० च्या दशकात, जुन्नर मोगलांकडे असताना, इथल्या सुभेदाराने मुंबईच्या इंग्रजांकडून डॉक्टर मागवला. फ्रायर घाट चढून आला. जनान्यात आजारी बाईची नाडी पाहायची, पण पडद्याआडून. पडद्यातून हात बाहेर आला, फ्रायरने नाडी पाहिली आणि सांगितले, ही बाई ठणठणीत आहे! घरच्यांनी त्याची परीक्षा घ्यायला एका धडधाकट दासीचा हात पुढे केला होता. मग खऱ्या रुग्णाचा हात आला. दुसऱ्या एका वेळी पडदाच खाली पडला आणि सगळ्या बायका पाखरांसारख्या उडाल्या. त्या गडबडीत डॉक्टरने जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले: सोललेल्या कैऱ्या, लोणच्या-मुरंब्याची तयारी आणि भरतकामाचे नमुने. जनाना म्हणजे रिकामटेकडा विलास, असा युरोपियनांचा समज असे. इथे त्यांना आढळल्या लोणची घालणाऱ्या बायका. आमच्या घरातल्या स्त्रियांना हा उतारा ऐकवला तेव्हा पहिला प्रश्न आला, कैऱ्या सोलून कशासाठी, आपण तर सालासकट घालतो. सोललेल्या म्हणजे मुरंब्याच्या असणार, असे घरात ठरले. परतताना फ्रायर नाणेघाटाने खाली उतरला.

आता शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला, हे सांगायला नको. सांगायचे ते हे, की तेव्हा हा किल्ला निजामशाहीचा होता, आणि धामधुमीच्या दिवसांत जिजाबाईंसाठी सुरक्षित जागा म्हणून शहाजीराजांनी तो निवडला. पुढे १६३३ मध्ये, निजामशाही बुडाली असे सगळे म्हणत असताना, याच शहाजीराजांनी जवळच्या जीवधन किल्ल्यातून निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा सोडवून आणला, पेमगिरीवर त्याला गादीवर बसवले आणि तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. मूल मांडीवर घेऊन शहाजीराजे तख्तावर बसत, असे सांगतात. जीवधन नाणेघाटाच्या शेजारीच आहे. घाटाच्या तोंडाशी उभे राहिले की समोर दिसतो.

शिवनेरीला सात दरवाजे आहेत. महादरवाजा, मग पीर दरवाजा, परवानगीचा, हत्ती, शिवाई, फाटक आणि कुलाबकर. वाटेत शिवाई देवीचे मंदिर, वर गंगा-जमुना नावाची पाण्याची टाकी, बदामी तलाव, शिवजन्मस्थानाची इमारत. गडावर कमानी मशीद आहे. तिचे दोन मिनार एका कमानीने जोडलेले आहेत आणि ती कमान आभाळात एकटी उभी असल्यासारखी दुरूनही ओळखू येते. खाली पाण्याचे टाके. ईदगाहही आहे. शिवजन्मस्थान आणि मशीद एकाच माथ्यावर, एकाच टाक्यांचे पाणी पिऊन उभी राहिली. फोटो काढणारे खूप भेटतात, पण ती कमान कसली आहे असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. आमच्या गटातल्या मुलांनी ते तीन-चार जणांना सांगितले आणि ऐकणाऱ्यांनीही कौतुकाने ऐकले. गड चढायला तासभर पुरे. गडाच्या टोकाला कडेलोटाचे टोक आहे, तिथे लहान मुलांचा हात सोडू नका. स्वतः महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहरावर छापा घालून मोगलांचा खजिना आणि दोनशे घोडे नेले. पण हा गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही.

किल्ले आणि घुमट यांच्याविषयी कोणीतरी लिहिलेले सापडते. जुन्नरच्या ज्या गोष्टीविषयी आम्हाला खरी हळहळ वाटते ती मात्र आता पाहायला मिळत नाही. ती म्हणजे जुन्नरी कागद.

कागद करण्याची विद्या चीनमधून समरकंदला आली ती आठव्या शतकात. तिथून बगदाद, दमास्कस, उत्तर आफ्रिका आणि स्पेन. हिंदुस्थानात काश्मीरच्या झैनुल आबिदीन सुलतानाने समरकंदहून कारागीर आणल्याचे सांगतात. जिथे जिथे सुलतानांचे दरबार, तिथे तिथे दप्तरे. आणि दप्तरे तिथे कागद. दख्खनमध्ये दौलताबादजवळ कागजीपुरा वसला, आणि जुन्नरला कुकडीच्या पाण्यावर कागदी लोकांनी आपली कारखाने चालवले. हे सगळे मुसलमान कारागीर. मराठेशाहीत ‘जुन्नरी कागद’ हा एक दर्जा होता. हिशेबाला, सनदेला, पत्राला तो मागवला जाई.

काम फार कष्टाचे. जुन्या गोण्या, दोरखंड, सुतळी गोळा करून बारीक तुकडे करायचे. ते भिजवून ढेगीखाली कांडायचे. ढेगी म्हणजे पायाने दाबायचे भले मोठे लाकडी मुसळ, तिला दोन-तीन माणसे लागत. चुना आणि सज्जीखार लावून मुरू द्यायचे. मग तो लगदा कापडात घेऊन नदीवर न्यायचा आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चुना निघेपर्यंत धुवायचा. पुन्हा कांडणे, पुन्हा धुणे, असे कितीतरी दिवस. नदी नसेल तर कागद नाही, ते यासाठी. स्वच्छ झालेला लगदा हौदात सैल करून त्यात गवताच्या काड्यांची बारीक चाळणी बुडवायची आणि अलगद सपाट उचलायची. पाणी निथळले की चाळणीवर राहतो तो कागद. उस्तादाचा हात किती सारखा, यावर त्याची जाडी. ओले कागद दाबून पाणी काढायचे, घोटीव भिंतीवर चिकटवून वाळवायचे, शाई फुटू नये म्हणून खळ द्यायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटून चकाकी आणायची. वाळवणे आणि घोटणे यात घरातल्या बायकामुलांचाही हात असे.

असल्या हातकागदावर बोरूने मोडी लिहिली गेली, आणि असल्याच कागदावर कातिबांनी कुराणाच्या नकला केल्या. पेशवाईत राजधानी पुण्याला आली तसा कागदही पुण्याला लागू लागला. कसबा पेठेतला कागदीपुरा वसला तो या कारागिरांमुळे, आणि त्यांचे नाते जुन्नरशी सांगितले जाते. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. इतिहास संशोधक त्यावरची अक्षरे वाचतात. अक्षरांखालचा कागद कोणी केला, हे विचारायचे काम आपले आहे. तो करणाऱ्यांची नातवंडे-पणतवंडे आपल्यातच कुठेतरी आहेत. कोणी रिक्षा चालवत असेल, कोणी बँकेत असेल. ‘कागदी’ आडनाव अजून ऐकू येते.

एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचा कागद आला. तो स्वस्त होता, पांढरा होता, गाडीने दारात येत होता. हातकागदाला हिशेबाच्या वह्यांपुरते गिऱ्हाईक उरले, मग तेही गेले. स्वदेशीच्या काळात पुण्यातच काही मंडळींनी या धंद्याला पुन्हा उभे करायचा प्रयत्न केला. शिवाजीनगरला १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली आणि तिथला रंगीत, फुलापानांचा कागद आजही लग्नपत्रिकांसाठी लोक घेतात. पण ते पुण्याला. कुकडीवरच्या ढेगी थांबल्या त्या थांबल्याच.

याबाबतीत फ्रान्सचे एक उदाहरण सांगावेसे वाटते. तिथे ओव्हेर्न्य प्रांतात आंबेर नावाचे लहानसे गाव आहे, आसपास ओढे आणि डोंगर. त्या ओढ्यांच्या पाण्यावर एकेकाळी कित्येक कागदगिरण्या चालत. बहुतेक बंद पडल्या. एक मात्र, रिशार द बा नावाची, लोकांनी मोडू दिली नाही. तिथे आजही पाणचक्कीवर चिंध्या कुटून हाताने कागद करतात, शाळेची मुले येऊन आपल्या हाताने एकेक ताव उचलतात, आणि तो कागद चित्रकार विकत घेतात. गंमत अशी की आंबेरचे लोक ही कला आपल्याकडे कशी आली याची एक दंतकथा सांगतात: क्रुसेडमध्ये कैद झालेले तिघे गावकरी दमास्कसच्या कागदखान्यात ती शिकून आले. म्हणजे त्यांच्या आणि आमच्या कागद्यांचे उस्ताद एकच निघाले. त्यांनी ते जपले.

२०१८ मध्ये सरकारने जुन्नर हा राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. किल्ले आहेत, लेणी आहेत, खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. या यादीत एक ढेगी, एक हौद आणि एक चाळणी बसायला किती जागा लागेल? एका जुन्या वाड्याची ओसरी पुरेल. पुण्या-जुन्नरच्या आमच्या जमातींनी, शिक्षणसंस्थांनी आणि कागदी घराण्यांतल्या जाणत्यांनी हे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी जुनी चाळणी, घोटण्याचा दगड किंवा कोऱ्या तावांची जुडी पडून असेल त्यांनी ती भंगारात देण्याआधी आम्हाला कळवावे. आम्ही येऊन पाहू.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एका दिवसात शिवनेरी, गाव आणि सौदागर घुमट होते. नाणेघाट आणि तुळजा लेणी यांसाठी दुसरा दिवस ठेवा. जुमा धरून जाल तर जामा मशिदीत नमाज मिळेल, मात्र मग गड सकाळीच चढावा लागेल. पावसाळ्यात घाटाकडे धुके इतके असते की लेख वाचणे दूरच, गुहा शोधावी लागते. दसऱ्यानंतर ते जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. द्राक्षे हवी असतील तर फेब्रुवारी. खानावळीत मासवडी मिळते. नाव ऐकून बिचकू नका, तिच्यात मासा नसतो, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण असते आणि सोबत झणझणीत रस्सा.

आणि बिबट्यांचे. ऊस वाढला तसे बिबटे उसातच जन्मू लागले. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. दिवसा धोका कमी असतो, तरी सावध राहा; घुमट शेतात आहे. मगरिबच्या आत तिथून निघा, मुलांना पुढे-मागे पळू देऊ नका, आणि पुण्याची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते स्थानकावर उतरताच विचारून ठेवा.